कामून सोडलं, ताई?

आमची भिशी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते. या वेळी पाळी माझ्याकडे होती. औरंगपुऱ्यात भाजीमंडईच्या मागच्या गल्लीत आमचं जुनं घर. खाली दुकानं, वर आम्ही. दुपारी खिडकी उघडली की मंडईतला गलका, रिक्षांचे हॉर्न आणि क्लासला निघालेल्या मुलामुलींचा किलबिलाट, सगळं एकदम घरात येतं. बारा जणींसाठी सुशीला, ताक आणि खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. चिठ्ठी निघाली, पैसे मोजून झाले, आता नेहमीप्रमाणे साड्या, सुना आणि शुगर या तीन विषयांवर गाडी येणार, तेवढ्यात सुट्टीला पुण्याहून आलेली माझी लेक म्हणाली, ''आई, आज तुम्हा सगळ्यांना एक फिल्म दाखवते. गोष्टीची नाही हं, खऱ्या बाईवरची आहे.'' आणि तिनं लॅपटॉप टीव्हीला जोडूनसुद्धा टाकला.

''गाणी आहेत का गं यात?'' आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या काकूंनी विचारलं.

''वाजवणं आहे, काकू. पण वाजवणारी फारशी दिसणार नाही. तिनं कधी कुणाला आपलं चित्रण करूच दिलं नाही.''

''हे काय बाई भलतंच! मग बघायचं काय?''

माहितीपटाचं नाव होतं '६-ए, आकाशगंगा'. दिग्दर्शक निर्मल चंदर. नाव म्हणजे चक्क एक पत्ता आहे. मुंबईत ब्रीच कँडीच्या भागातल्या 'आकाशगंगा' इमारतीतल्या फ्लॅटचा. तिथे सूरबहारवादक अन्नपूर्णादेवी आयुष्याच्या अखेरपर्यंत राहिल्या. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी त्या गेल्या आणि त्यानंतर हा माहितीपट आला. पंडित रविशंकर हे नाव आपल्या सगळ्यांना पाठ. पण त्यांच्या पहिल्या पत्नी त्यांच्याच तोलाच्या कलावंत होत्या, काही जाणकारांच्या मते तर काकणभर सरसच, हे आमच्या बारा जणींपैकी फक्त दोघींना ठाऊक होतं. बाकीच्यांना 'अभिमान' आठवला. अमिताभ-जयाचा, १९७३ चा. हृषीकेश मुखर्जींना त्या सिनेमाची कल्पना या जोडप्यावरून सुचली, असं तेव्हापासून बोललं जातं. ते सांगितल्यावर मात्र सगळ्या जणी सावरून बसल्या.

मैत्रिणींनो, 'अभिमान' काही तासांत संपतो. हे लग्न कागदोपत्री संपायला ४१ वर्षं लागली.

मध्य प्रदेशातलं मैहर हे छोटं संस्थान. तिथल्या दरबारात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, म्हणजे सगळ्यांचे 'बाबा'. त्यांची धाकटी लेक अन्नपूर्णा. मुसलमान घरातल्या मुलीला हे नाव मैहरच्या महाराजांनी दिलं. थोरल्या लेकीला बाबांनी गाणं शिकवलं होतं. ती सासरी गेली, आणि सासूनं तिचा तानपुराच जाळून टाकला. हे ऐकल्यावर आमच्याकडे एकदम शांतता झाली. बाबांना त्याचा इतका धसका बसला की धाकटीला शिकवायचंच नाही असं त्यांनी ठरवलं. गाणं नाही तर निदान संसार तरी सुखाचा होईल! एका बापाचं हे गणित आपल्याला नवं आहे का? 'मुलीला जास्त शिकवलं तर स्थळ मिळायला त्रास' म्हणणारे बाप आपण आजही बघतो. त्यांचंही लेकीवर प्रेमच असतं.

पण एकदा बाबा बाजारात गेले होते आणि थोरला भाऊ अली अकबर सरोदवर धडा घोटत बसला होता. तो चुकला. खेळता खेळता धाकटी म्हणाली, भैया, बाबांनी असं नाही शिकवलं, असं शिकवलं. आणि तिनं तो धडा जशाच्या तसा गाऊन दाखवला. बाबा परत येऊन मागे उभे आहेत हे तिच्या गावीही नव्हतं. आता आपल्याला ओरडा बसणार असं वाटून ती घाबरली. बाबांनी तिच्या हातात तानपुरा दिला. पुढे सतार, आणि त्यानंतर सूरबहार. सूरबहार म्हणजे सतारीची थोरली बहीण म्हणा ना. आकारानं मोठी, आवाज खर्जातला, संथ आलापीसाठी केलेली. टाळ्या मिळवून देणारं वाद्य नव्हे ते. समजणाऱ्यालाच समजावं असं.

बाबांकडेच शिकायला आलेले रविशंकर. त्यांचे थोरले भाऊ उदयशंकर यांनी मागणी घातली आणि १५ मे १९४१ रोजी अल्मोड्याला लग्न लागलं. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा एकवीस. हे प्रेमलग्न नव्हतं, घरच्यांनी ठरवलेलं होतं, असं पुढे दोघांनीही सांगितलं. वर्षाच्या आत मुलगा झाला, शुभेंद्र. त्याचं लहानपणीचं आजारपण, रात्ररात्र जागरणं, वर रियाज आणि पैशाची ओढाताण. बायको थकलेली, नवरा नाव कमवायच्या धडपडीत. यात कलावंत म्हणून वेगळं काय आहे? हे तर आपल्या गल्लीतल्या कुठल्याही घरात घडतं.

वेगळं घडलं ते पुढे. १९५० च्या दशकात दिल्ली-कलकत्त्याकडे दोघं मिळून कार्यक्रम करू लागली. नवऱ्याची सतार, बायकोचं सूरबहार. त्यातलं यमन कल्याणचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. आणि जाणकार मंडळी कार्यक्रम संपला की आधी त्यांच्याकडे जाऊ लागली. दाद त्यांना जास्त मिळू लागली. घरात ताण वाढला. दरम्यान नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री होतीच. रविशंकरांनी आपल्या आत्मचरित्रात ते कुठलाही आडपडदा न ठेवता लिहिलं आहे. आणि मग अन्नपूर्णादेवींनी बाबांच्या तसबिरीसमोर आणि मैहरच्या शारदामातेसमोर शपथ घेतली, की यापुढे लोकांसमोर वाजवायचं नाही.

कशासाठी? संसार वाचावा म्हणून.

तेव्हा त्यांचं वय तीसच्या आसपास होतं. त्या नव्वदी ओलांडून गेल्या. मधल्या साठेक वर्षांत त्या व्यासपीठावर गेल्या नाहीत, त्यांनी एकही तबकडी काढली नाही.

इथे आमच्या काकूंनी लेकीला थांबवायला सांगितलं. ''थांब गं जरा. म्हणजे नवऱ्यानं बंदी घातली होती का नव्हती?''

खरी गंमत, किंवा खरं दुखणं म्हणा, इथेच आहे. रविशंकरांचं म्हणणं साधारण असं होतं की, मी बंदी घातली नाही. उलट मीच तिला आग्रह करून माझ्याबरोबर वाजवायला लावत असे. पुढे तिलाच लोकांसमोर यायचं नव्हतं, तिचा स्वभावच तसा. आणि अन्नपूर्णादेवींनी फार वर्षांनी, तेही मोजक्या शब्दांत, सांगितलं ते असं की, मी चांगली वाजवते म्हणून घरात सुख नव्हतं, ते सुख यावं म्हणून मी सोडलं.

झालं, आमच्या भिशीत दोन तट पडले. शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या एक बाई म्हणाल्या, ''शपथ तिची, तोंड तिचं. कुणी हात बांधले होते? उगाच त्या माणसाला कशाला बोल लावायचा? त्यानं सतार जगभर पोचवली.'' शेजारची नुकतीच लग्न झालेली सून, जी एरवी आमच्यात तोंड उघडत नाही, ती एकदम म्हणाली, ''बाई, रोज जेवायला बसल्यावर समोरचा माणूस तोंड पाडून बसत असेल ना, तर हात बांधावे लागत नाहीत.'' सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिची सासूही बसली होती तिथेच! ती बिचारी ताकाच्या पेल्यात बघत राहिली.

मी दोघींचं ऐकत होते आणि मला आमचं सल्ला केंद्र आठवत होतं.

गेली चौदा वर्षं मी आठवड्यातून तीन दिवस एका कुटुंब सल्ला केंद्रात बसते. समोर येणाऱ्या बाईला आम्ही काही ठरावीक प्रश्न विचारतो. मारतो का? पितो का? पैसे देतो का? कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला आणि २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. हा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही, हे अजून कितीतरी जणींना माहीत नसतं. टोचून बोलणं, अपमान करणं, खर्चाला पैसे न देणं, नोकरी करू न देणं किंवा सोडायला लावणं, हे सगळं त्यात हिंसाचारच मानलं आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे जो अर्ज भरायचा असतो त्यात हे मुद्दे स्पष्ट छापलेले आहेत. ते वाचून दाखवलं की बायका चकित होतात. ''असं पण चालतं का तक्रारीत?''

पण एका गोष्टीला त्या अर्जात रकाना नाही. 'मीच सोडलं.'

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती. मुलगीच म्हणायची, एकोणतीस वर्षांची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. शिवणकामात हात इतका चांगला, की लग्नाआधी ब्लाऊजची वर्दी महिनाभर पुढची असायची. सासरी आल्यावर तिनं मशीन आणलं. गिऱ्हाईक येऊ लागलं. नवऱ्याचं काम तेव्हा बेताचं चालू होतं. कुणी तिला 'बंद कर' म्हटलं नाही. फक्त गिऱ्हाईक आलं की तो उठून बाहेर जायचा. तिनं घरात काही आणलं की 'आता काय, तुमचं राज्य' म्हणायचा. दोन दोन दिवस बोलायचा नाही. एक दिवस तिनं स्वतःच मशीनवर चादर टाकली. तिला वाटलं, एवढं सोडलं की घर शांत होईल. आठ दिवस झालंही शांत. मग त्याला तिचं माहेरी फोनवर बोलणं खुपायला लागलं. तेही तिनं कमी केलं. त्यानंतर शेजारी बसणं. तेही सोडलं. आमच्याकडे आली तेव्हा तिच्या हातात एक पिशवी होती आणि सोडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी विचारलं, ''मशीन कुणी बंद करायला लावलं?'' ती म्हणाली, ''कुणीच नाही मॅडम. माझं मीच केलं.'' आणि त्या वाक्यानंतर ती पहिल्यांदा रडली.

अन्नपूर्णादेवींच्या शपथेकडे मी त्या दिवसापासून... खरं म्हणजे त्या मुलीच्या चादरीकडे बघतेय तशीच बघते. आपण बायका एक सौदा करतो. आपल्याकडचं सगळ्यात मोलाचं ते काढून देते, त्याच्या बदल्यात घर टिकू दे. पण हा सौदा आपण एकटीच करतो! समोरच्याला त्याची खबरही नसते. त्यानं काही कबूल केलेलं नसतं, मग तो पाळणार तरी काय? अन्नपूर्णादेवींचा संसार शपथेनं वाचला नाही. मध्ये त्या मैहरला गेल्या, पुन्हा परत आल्या, पण १९६७ मध्ये दोघं कायमची वेगळी झाली आणि १९८२ मध्ये रीतसर घटस्फोट झाला. संसार गेला, शपथ मात्र राहिली. देवासमोर दिलेला शब्द, तो कसा मोडायचा?

मुलाचं दुःख तर याहून मोठं. शुभेंद्रला आईनं स्वतः सतार शिकवली, बाबांच्या शिस्तीत, एकेक धडा महिनोन्‌महिने घोटून. पुढे १९७० च्या सुमारास तो वडिलांबरोबर अमेरिकेला गेला. आईकडचं शिक्षण अर्धवट राहिलं. तिकडे त्याचं बस्तान म्हणावं तसं बसलं नाही. पुन्हा वाजवू लागला, वडिलांबरोबर कार्यक्रमही केले, आणि १९९२ साली अवघ्या पन्नासाव्या वर्षी गेला. भांडणाऱ्या आईबापांच्या मधे मूल कसं सापडतं, ते मोठेपणीसुद्धा सुटत नाही, हे आमच्या केंद्राच्या बाकावर रोज दिसतं. तिथे गरीब-श्रीमंत नसतं, तसं पंडित-बिंडितही नसतं.

आता एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, बिचारी! आमच्या काकूही तेच म्हणाल्या. पण माहितीपटात त्यांचे शिष्य बोलायला लागतात आणि ते 'बिचारी' हळूहळू गळून पडतं. त्या घराच्या दारावर म्हणे पाटी होती, घंटा तीनदाच वाजवा, दार उघडलं नाही तर नावपत्ता ठेवून जा. नोकरचाकरांवर न सोडता स्वैपाक स्वतः करायचा. गच्चीत कबुतरांना दाणे टाकायचे. आणि रात्री उशिरा, सगळं निजल्यावर, स्वतःचा रियाज. ऐकायला कुणी नाही. शिकवायच्या मात्र भरभरून, पैसे न घेता. निखिल बॅनर्जी त्यांच्याकडे शिकले, नित्यानंद हळदीपूर शिकले. हरिप्रसाद चौरसियांचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. तेव्हा ते सिनेमासंगीतात चांगले स्थिरावलेले. यांच्याकडे शिकवा म्हणून गेले तर माँ तयार होईनात. खूप मिनतवाऱ्या केल्या. मी खरंच पहिल्यापासून शिकायला तयार आहे हे पटवायला त्यांनी उजवीकडे धरायची बासरी डावीकडे धरायला सुरुवात केली. नाव झालेला माणूस, हात बदलून पुन्हा पहिलीत बसला! आज बासरी डावीकडे धरलेला त्यांचा फोटो दिसला की मला त्यामागे ते ब्रीच कँडीचं बंद दार दिसतं.

१९७७ मध्ये पद्मभूषण, १९९१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, हे सगळं त्या दाराबाहेर घडत राहिलं. १९८२ मध्येच त्यांनी आपले शिष्य ऋषिकुमार पंड्या यांच्याशी लग्न केलं. वयानं ते बरेच लहान. २०१३ मध्ये ते जाईपर्यंत त्यांनी बाईंना आणि त्यांच्या एकांताला जपलं. म्हणजे साथ देणारा माणूस मिळू शकतो, उशिरा का होईना.

तरीही मला एक गोष्ट टोचतेच. त्यांच्या त्यागाचं आपल्याकडे फार कौतुक होतं. 'किती मोठी तपस्विनी', 'प्रसिद्धीचा मोह नाही'. असेलही. पण असं कौतुक करताना आपण सोयीस्करपणे विसरतो की ती सुरुवात वैराग्यातून झालेली नव्हती, घरातल्या अबोल्यातून झाली होती. त्या बाईनं पुढे त्या मौनाचं सोनं केलं हे तिचं मोठेपण. त्या मौनाचं श्रेय त्या लग्नाला कसं द्यायचं? सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आलं तेव्हा मी शाळेत होते. आमच्या वाड्यात ते एकच पुस्तक सात घरी फिरलं होतं. एवढ्या लाडक्या माणसाच्या बायकोनं घरातलं असं बाहेर बोलावं का, यावर पापड लाटताना वाद झालेले मला आठवतात. बोललं तर 'बोलली', आणि नाही बोललं तर 'तिलाच नको होतं'. बाईनं करायचं काय?

माहितीपट संपत आला तेव्हा स्वैपाकघराच्या दारात आमच्या मावशी पदराला हात पुसत उभ्या होत्या. धुण्याभांड्याला येतात. पैठणकडच्या. भजनी मंडळात त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर लागतो. नाथषष्ठीला सुट्टी मागत नाहीत, सांगून जातात. त्या केव्हापासून बघत होत्या कुणास ठाऊक. बायका चपला घालून जिना उतरल्या आणि मावशींनी मला विचारलं, ''ताई, कामून सोडलं म्हणे तिनं?''

मी आपलं थोडक्यात सांगितलं, घरात शांतता राहावी म्हणून.

मावशींनी मान डोलावली. मग वर बोट दाखवून म्हणाल्या, ''अन्‌ तुमची ती पेटी हाय ना माळ्यावर. तुम्ही कामून सोडलं, ताई?''

मला उत्तर देता येईना.

मी लग्नाआधी गाणं शिकत होते. गांधर्वच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या होत्या. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये माझं नाव पुकारलं की मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा गप्प व्हायची, असं मैत्रिणी अजून सांगतात. लग्नात बाबांनी पेटी दिली. इतकी वर्षं कुणी विचारलं की मी हसून म्हणत आले, 'संसारात कुठे जमतं बाई!' मनात मात्र मी सासरच्यांवर ते खापर फोडून मोकळी झाले होते. सासूबाईंनी एकदा म्हटलं होतं, 'सकाळी सकाळी पेटी कशाला?' एवढंच. बंदी नाही, भांडण नाही. मी सकाळची पेटी सोडली. मग दुपारी लेकरं झोपलेली असायची. संध्याकाळी देवघरात एखादं पद म्हणायचे, तर आमच्या ह्यांची बातम्यांची वेळ. कधी बंद झालं, तो दिवस मला सांगता येणार नाही. एका वर्षी दिवाळीच्या साफसफाईत पेटी माळ्यावर गेली ती गेलीच.

त्या रात्री जेवताना मी ह्यांना विचारलं, ''मी गाणं का सोडलं, तुम्हाला काय वाटतं?''

ते घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. अगदी मनापासून म्हणाले, ''सोडलंस? मला वाटलं, तुलाच आवड राहिली नाही.''

चांगला माणूस आहे हो. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही, माझ्या केंद्राच्या कामाला कधी आडकाठी केली नाही. पण पंचवीस वर्षांत घरातला एक आवाज बंद झाला आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही. मीही सांगितलं नाही. रविशंकर खोटं बोलत होते असं मला त्या रात्रीपासून वाटेनासं झालं. 'तिलाच नको होतं' हे कदाचित त्यांना खरंच वाटत असेल. आणि अन्नपूर्णादेवींचंही खरं असेल. एकाच घरातली ही दोन्ही खरी. मधे फक्त एक प्रश्न कुणी कुणाला विचारलेला नसतो. जो आमच्या मावशींनी विचारला.

केंद्रात आता मी माझ्या वहीत एक प्रश्न वाढवला आहे. 'लग्नानंतर काय काय सोडलंस?' बायका आधी म्हणतात, काही नाही. जरा थांबलं की यादी सुरू होते. पोहणं. कबड्डी. बी.एड.चं दुसरं वर्ष. मैत्रिणीला पत्र लिहिणं. एकीनं तर सांगितलं, मोठ्यानं हसणं! या सगळ्याची तक्रार होत नाही आणि व्हायलाही नको. काही गोष्टी आपण खुशीनं सोडतो, लेकरासाठी, कुणाच्या आजारपणासाठी. पण खुशीनं सोडलेलं आणि भीतीनं सोडलेलं, यातला फरक आपला आपल्याला तरी माहीत हवा. आणि ज्याच्यासाठी सोडतोय त्याला तोंडानं सांगायला हवं. 'हे मी तुमच्यासाठी बाजूला ठेवतेय, मला ते परत हवंय' असं. न सांगता केलेला त्याग घरात कुणाच्याच खात्यावर जमा होत नाही. आणि सांगूनही समोरचा माणूस तोंड पाडूनच बसणार असेल, आज हे, उद्या ते मागतच राहणार असेल, तर तुमच्या सोडण्यानं ते घर टिकणार नाही. मशीनवर चादर टाकण्याच्या आधी आमच्याकडे या, नाहीतर १८१ या क्रमांकावर फोन करा. पिशवी घेऊन येण्याची वाट बघू नका.

ती शिवणकाम करणारी मुलगी सध्या माहेरी आहे. मशीन चालू आहे. नवरा समुपदेशनाला दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही. पुढे काय होईल मला माहीत नाही. ब्लाऊजची वर्दी मात्र पुन्हा तीन आठवडे पुढची झाली आहे.

आणि माझी पेटी? लेकीनं आणि ह्यांनी मिळून माळ्यावरून उतरवली. धूळ झटकली, भाता ओढला तर नुसतीच फुस्स हवा. गुलमंडीच्या पलीकडे वाद्यं दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे रिक्षात घालून नेली. त्यांनी उघडून बघितली. म्हणाले, ''सूर ठीक आहेत, ताई. भाता उंदरांनी खाल्लाय. बदलावा लागेल. पंधरा दिवस लागतील.''

किती वर्षं बंद होती, असं त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. का बंद होती, ते त्यांनी नाही विचारलं. आता कुणी विचारलं तर सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडे आहे.

पुढची भिशी त्या नव्या सुनेच्या घरी आहे. तिच्या सासूनं स्वतः निरोप धाडलाय, 'पेटी घेऊन या.' आणि प्रत्येकीनं आपण सोडलेली एक गोष्ट सांगायची, असंही ठरलंय. मैत्रिणींनो, तुमची कोणती?